दुकानात ऐकायचं आणि मोबाइलवरून मागवायचं?

प्रश्न : काका, बाबा निवृत्त होताहेत म्हणून त्यांना चांगले स्पीकर घेऊन द्यायचे आहेत. ते शास्त्रीय गायन ऐकतात. बर्डीवरच्या एका जुन्या दुकानाच्या मालकांनी मला तासभर बसवून वेगवेगळ्या जोड्या ऐकवल्या. एक फार आवडली, पण तीच ऑनलाइन चार हजारांनी स्वस्त आहे. भाऊ म्हणतो, ऑनलाइन घे, नाहीतर मॉलमधून साउंडबार आण, त्यावर वॅटही जास्त लिहिलेत. काय करू? बाबांचे जुने मोठे स्पीकरही घरात पडून आहेत. त्यातला एक फरफरतो.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : जोडी त्या दुकानातूनच घ्या. चार हजार ही काही लहान रक्कम नाही, म्हणून आधी मालकांना ऑनलाइनचा भाव सरळ दाखवा आणि किती कमी करता येईल ते विचारा. सगळा फरक ते भरून काढू शकणार नाहीत. मोठ्या विक्रेत्याला हजारोंच्या खरेदीवर जो दर मिळतो, तो चार-दोन जोड्या उचलणाऱ्याला मिळत नाही. कधीकधी तर सेलमधली किंमत दुकानदाराच्या खरेदीच्या आसपासच असते.

तुम्ही ऐकलात त्या तासालाही खर्च आहे. बर्डीवरच्या भाड्याच्या जागेत एक खोली फक्त ऐकण्यासाठी अडवलेली असते. खोक्यातून काढलेली जोडी पुढे नवी म्हणून विकता येत नाही. इथे ऐकून तिकडून मागवणारे वाढले, आणि मी नागपूरच्या महाल भागात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो तिथे ज्या दुकानांच्या चिठ्ठ्या घेऊन गिऱ्हाइकं यायची, त्यातली बरीच दुकानं एकेक करत बंद झाली. मला त्याचं फार वाईट वाटतं. संगीताच्या दुकानांचंही तेच झालं, मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउससुद्धा २०१६ मध्ये बंद झालं.

आता वॅट. खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभरापुरती फुगवून सांगितलेली ताकद) लिहिलं असेल तर तो आकडा विसरा, ‘आरएमएस’ (सतत देता येणारी ताकद) किती ते बघा. त्याहून महत्त्वाची स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा आवाज काढतो ते. ८५ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॅट लागतात, तेवढाच ८८ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. साउंडबार टीव्हीवरचे संवाद ऐकायला चांगला. पण त्याचा डावा-उजवा आवाज एकाच पट्टीतून येतो. गायक मध्ये, तबला एका बाजूला, तानपुरा मागे, ही बैठक कानांसमोर उभी राहायला दोन स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फूट लांब ठेवावेच लागतात.

पैसे देण्याआधी बाबांना दुकानात न्या, त्यांच्या रोजच्या ऐकण्यातलं एखादं रेकॉर्डिंग सोबत असू द्या. जमत असेल तर जोडी घरी लावून दाखवायला सांगा, आणि कूलर चालू ठेवून ऐका. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद ठेवून कोण बसतं? त्या घरघरीत विलंबित आलाप बुडतो, मग आवाज वाढवला जातो आणि ४५ अंशांत अ‍ॅम्प्लिफायर तापतो. त्याच्या वर-मागे चार बोटं मोकळी जागा सोडायला हवी. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, स्पीकरसमोर सतरंजी अंथरली की पुष्कळ फरक पडतो. स्पीकर भिंतीला चिकटवले तर डग्गा गरजेपेक्षा जास्त घुमेल. नागपूरच्या घरांमध्ये वर्षानुवर्षं स्पीकर बसवणाऱ्या माणसाला हे न विचारता ठाऊक असतं. मोबाइलवर मागवलेल्या खोक्याबरोबर हा माणूस येत नाही.

जुने स्पीकर भंगारात देऊ नका. जाळी काढून कोनाभोवतीची (आवाज काढताना थरथरणाऱ्या शंकूभोवतीची) फोमची कड बघा. पंधरा-वीस वर्षांत ती सहसा भुरभुरीत होते आणि फरफर बहुतेक वेळा तिथूनच येते. कोन शाबूत असेल तर नुसती कड बदलता येते, खर्चही नव्या स्पीकरच्या मानानं बराच कमी. बदलताना मात्र दोन्ही स्पीकरची बदला, नाहीतर डावा-उजवा आवाज वेगळा लागेल. हे काम शहरात कोण नीट करतं, ते त्याच मालकांना विचारा. तोवर ते स्पीकर मोठ्यानं वाजवू नका, आतली कॉइल (तारेचं वेटोळं) घासून जळाली तर दुरुस्तीचा खर्च वाढेल.