न्यू जर्सी की डॅलस? पेट्रोल, लाइट बिल आणि 2028 ची निवडणूक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी एल-1 व्हिसावर पुण्याहून अमेरिकेला पाठवते आहे, न्यू जर्सी आणि डॅलस यांतलं एक ठिकाण निवडायचं आहे, सोबत दोन लहान मुलं आहेत. तिथली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक पेट्रोल-विजेच्या भावांवर फिरते असं सगळे सांगतात, तर हे नेमकं कसं घडतं आणि घरखर्चाचा अंदाज बांधताना त्यातलं काय धरायचं?

भावांमुळे निवडणूक नक्की फिरते. पण निवडणुकीमुळे भाव फिरतात ते फार थोडे आणि फार उशिरा. म्हणून 7 नोव्हेंबर 2028 ला कोण जिंकेल यावर बजेट बांधू नका. तुमच्या लाइट बिलाचे नियम ठरवणारी माणसं व्हाइट हाउसमध्ये बसत नाहीत. ती न्यू जर्सीच्या राजधानीत ट्रेन्टनला, आणि डॅलस ज्या टेक्सस राज्यात आहे त्याच्या राजधानीत ऑस्टिनला बसतात.

एक शब्द आधीच नीट करून घ्या. बातम्यांत ‘गॅस प्राइस’ म्हटलं की ते पेट्रोलबद्दल असतं. शेगडीच्या आणि हीटिंगच्या गॅसला तिथे ‘नॅचरल गॅस’ म्हणतात. दोघांचे बाजार वेगळे आहेत, भाव एकत्र चढतात-उतरतात असंही नाही.

पेट्रोल गॅलनवर विकतात. एक गॅलन म्हणजे 3.785 लिटर. पंपाबाहेर रस्त्याच्या कडेला उंच खांबावर भाव लिहिलेला असतो, समजा 3.09 आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत 9/10, म्हणजे सेंटचाही दशांश. गाडी चालवता चालवता दिवसातून दहा वेळा दिसणारा दुसरा कुठलाच भाव नाही. दूध-ब्रेडचा भाव दुकानात शिरल्यावर कळतो, घरभाडं वर्षातून एकदा बदलतं, हा आकडा मात्र रोज डोळ्यांसमोर असतो. महागाईबद्दलचं लोकांचं मत त्याच्यावरून बनतं, याचं कारण इतकं साधं आहे.

त्या आकड्यात साधारण निम्मा वाटा कच्च्या तेलाचा. बॅरल 42 गॅलनचं, म्हणून बॅरलमागे एक डॉलर वाढला की गॅलनमागे सुमारे 2.4 सेंट वाढतात. केंद्राचा कर 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून तो बदललेला नाही. त्यावर राज्याचा कर, रिफायनरी आणि वाहतूक. उन्हाळ्यात लवकर उडून न जाणारं, बनवायला महाग पेट्रोल विकावं लागतं, म्हणून वसंतात भाव चढतो आणि सप्टेंबरनंतर उतरतो. नोव्हेंबरच्या मतदानापूर्वीची उतरण बऱ्याचदा ऋतूची असते. तिचं श्रेय घेणाऱ्याचं आणि त्यात कट शोधणाऱ्याचं, दोघांचंही मनावर घेऊ नका.

आपल्याकडे हे वेगळं आहे. 2024 मध्ये लोकसभेचं वेळापत्रक 16 मार्चला जाहीर झालं आणि पेट्रोल-डिझेल दोन रुपयांनी उतरलं ते 15 मार्चला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा दर लावता येत नाही, कारण तिथे सरकारी तेल कंपनीच नाही. त्याच्या हातात आहे तो देशाचा तेलाचा राखीव साठा. 31 मार्च 2022 ला बायडन यांनी त्यातून 18 कोटी बॅरल सोडायची घोषणा केली. तरी जूनमध्ये देशाची सरासरी पाच डॉलरवर गेली. केंद्राचा कर तीन महिने माफ करा म्हणून त्यांनी काँग्रेसला (तिथल्या संसदेला) सांगितलं, काँग्रेसने ते केलं नाही. जुलैत ते सौदी अरेबियाला जाऊन आले, तर ऑक्टोबरमध्ये ओपेक प्लसने, म्हणजे सौदीसह तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या गटाने, दिवसाला 20 लाख बॅरलची कपात जाहीर केली. साधनं एवढीच, आणि त्यांचा जोरही एवढाच.

बायडन यांच्या विरोधकांचं ‘अजून विहिरी खोदा’ हे उत्तरही तितकंसं खरं नाही. 2024 मध्ये अमेरिकेने दिवसाला सुमारे 1 कोटी 32 लाख बॅरल तेल काढलं, तोवरचा विक्रम, आणि तोही तेलविरोधी म्हणवल्या गेलेल्या सरकारच्या काळात. नवी विहीर परवडायला कंपनीला बॅरलमागे साधारण 60 ते 65 डॉलर मिळावे लागतात. भाव त्याच्या खाली गेला की खोदकाम मंदावतं, मग राष्ट्राध्यक्ष कोणीही असो. 2024 च्या प्रचारात ट्रम्प यांनी ऊर्जेचा खर्च वर्ष-दीड वर्षात निम्मा करण्याचं आश्वासन दिलं होतं. या हिशेबात ते बसणारं नव्हतंच.

मग मतदार कशाची शिक्षा देतो? 1980 पाहा. इराणच्या क्रांतीनंतर तेल भडकलं, पंपांवर रांगा लागल्या, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवस ठरले. त्या वर्षी महागाई सरासरी 13.5 टक्के होती. मतदानाच्या आठवडाभर आधीच्या वादफेरीत विरोधी उमेदवार रेगन यांनी लोकांना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर 489 विरुद्ध 49 इलेक्टोरल मतांनी (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली मतं) हरले.

पण एवढ्यावरून पंपावरचा आकडा बघून निकाल सांगायला जाल तर फसाल. जुलै 2008 मध्ये पेट्रोल 4.11 डॉलरला पोचलं आणि मतदानाच्या दिवशी अडीच डॉलरच्याही खाली होतं. तरी सत्ताधारी पक्ष हरला, कारण पेट्रोल स्वस्त झालं तेच मुळी अर्थव्यवस्था कोसळल्यामुळे. 2012 मध्ये पेट्रोलची वर्षाची सरासरी साडेतीन डॉलरच्या वर होती आणि ओबामा परत निवडून आले. बेरोजगारी 10 टक्क्यांवरून 8 च्या खाली आली होती. 2020 मध्ये पेट्रोल दोन डॉलरच्या आसपास असताना ट्रम्प हरले. नोकऱ्या टिकून असताना भाव चढले की राग सरकारवर निघतो. नोकऱ्याच जात असतील तर स्वस्त पेट्रोलचं कोणाला कौतुक राहत नाही.

2024 चा धडा तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल. मतदानाच्या वेळी पेट्रोल 3.10 डॉलरच्या आसपास होतं. लिटरचा हिशेब केला तर सुमारे 69 रुपये, मुंबईत तेव्हा 103 होते. महागाईचा दर 2.6 टक्क्यांवर आला होता. तरी लोक चिडलेले होते. दर उतरला म्हणजे भाव चढायचा वेग कमी झाला, चढलेले भाव तिथेच राहिले. जानेवारी 2021 च्या तुलनेत एकूण भाव सुमारे 20 टक्क्यांनी वर होते. माणूस आपल्या बिलाची तुलना मुंबईशी करत नाही, स्वतःच्या जुन्या बिलाशी करतो. अटीतटीची सातही राज्यं ट्रम्प यांनी जिंकली. त्यात 19 मतांचं पेनसिल्व्हेनिया होतं. नॅचरल गॅस काढण्यात टेक्ससनंतर त्याचाच नंबर, आणि तिथल्या गॅसविहिरींवर बंदी आणण्याची आपली 2019 मधली भूमिका ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांना मागे घ्यावी लागली होती.

आता वीज, कारण पेट्रोलची जागा ती घेऊ लागली आहे. न्यू जर्सी पीजेएम नावाच्या ग्रिडवर आहे. 13 राज्यं (काही पूर्ण, काहींचा थोडा भाग) आणि राजधानी वॉशिंग्टन तिच्यावर चालतात. ही ग्रिड पुढच्या वर्षासाठी वीजक्षमता, म्हणजे गरज पडेल तेव्हा वीज देण्याची केंद्रांची हमी, लिलावात विकत घेते. जुलै 2024 च्या लिलावात मेगावॉट-दिवसाचा (एक मेगावॉट एक दिवस तयार ठेवण्याचा) भाव 28.92 डॉलरवरून 269.92 वर गेला. जुनी वीजकेंद्रं बंद होत आहेत, डेटा सेंटरची मागणी वाढते आहे, नवी केंद्रं ग्रिडला जोडायला वर्षं लागतात. 1 जून 2025 पासून न्यू जर्सीतली बिलं 17 ते 20 टक्क्यांनी वाढली आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरची (राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाची) निवडणूक लाइट बिलावर लढली गेली. दर गोठवण्याचं वचन देणाऱ्या मिकी शेरिल जिंकल्या. त्याच दिवशी जॉर्जियात वीज आयोगाच्या दोन जागा सत्ताधारी रिपब्लिकनांनी गमावल्या. जॉर्जियाची राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत 16 मतं आहेत, म्हणून दोन्ही पक्षांचं तिकडे लक्ष आहे.

न्यू जर्सी घेतलीत तर बिलात दोन भाग दिसतील: सप्लाय (विजेची किंमत) आणि डिलिव्हरी (ती घरी पोचवण्याचा खर्च). सप्लायचा दर दर फेब्रुवारीच्या लिलावात ठरतो आणि 1 जूनपासून लागतो. त्यातले करार तीन-तीन वर्षांचे असतात आणि दरवर्षी एकतृतीयांश बदलतात, म्हणून वाढ हळू येते आणि जायलाही तितकीच रेंगाळते. महिना 700 युनिट आणि युनिटला 20 सेंट धरले तर 140 डॉलर होतात. भाड्याच्या करारावर सही करण्यापूर्वी हीटिंग कशावर आहे ते विचारा. भिंतीलगतच्या इलेक्ट्रिक पट्ट्या असतील तर जानेवारीचं बिल दुप्पट-तिप्पट येऊ शकतं. नॅचरल गॅस असेल, किंवा हीटिंग भाड्यातच धरलेलं असेल, तर उत्तम. आधीच्या बारा महिन्यांची बिलं मागा. आणखी एक: दारावर येऊन ‘तुमचं बिल दाखवा, स्वस्त करून देतो’ म्हणणाऱ्याला बिल दाखवू नका. त्यावरच्या खातेक्रमांकावर तुमचा सप्लायर बदलता येतो. पहिले काही महिने दर कमी, नंतर बाजाराप्रमाणे.

डॅलसमध्ये वीज कंपनी तुम्ही निवडायची. (गारलँड, डेंटन यांसारख्या शहरांत पालिकेची वीज आहे, तिथे निवड नाही.) प्रत्येक योजनेसोबत एक पानाचा तक्ता असतो, त्यात 500, 1000 आणि 2000 युनिटला सरासरी दर काय पडतो ते छापलेलं असतं. तीनही आकडे वाचा. काही योजनांत 1000 युनिट ओलांडले की शंभर-सव्वाशे डॉलरची सूट मिळते, म्हणून 1000 चा आकडा फार स्वस्त दिसतो. वापर 990 झाला की सूट शून्य. ऑगस्टमध्ये एसीमुळे तीन बेडरूमच्या घराचे 2000 युनिट सहज होतात आणि मार्चमध्ये 700, त्यामुळे अशी योजना वर्षभरात महागच पडते. साधी, बारा महिन्यांची ठरलेल्या दराची योजना घ्या. मुदत संपायच्या आधीच्या 14 दिवसांत दंड न भरता बदलता येतं. विसरलात तर महिन्यागणिक बदलणाऱ्या दरावर जाल. घर बदलून गेलात तर करार मोडल्याचा दंड लागत नाही, नव्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात घाऊक दर युनिटला 9 डॉलरपर्यंत गेला आणि त्याच्याशी जोडलेल्या योजनांवरच्या घरांना हजारो डॉलरची बिलं आली. तशा योजना आता घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे, पण ठरलेला आणि बदलता यातला फरक बघूनच सही करा. दोन्हीकडे क्रेडिट हिस्टरी (अमेरिकेतली कर्ज-बिलं फेडल्याची नोंद) नसल्यामुळे डिपॉझिट मागतील, ते पहिल्या महिन्याच्या खर्चात धरा.

डॅलसमध्ये पेट्रोलचा हिशेब असा. ऑफिस 25 मैलांवर, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 1100 मैल. गाडी गॅलनला 28 मैल देत असेल तर 39 गॅलन. पेट्रोल एक डॉलरने वाढलं तरी तुमच्यावर 39 डॉलरचा बोजा, भाड्यापुढे किरकोळ. ज्या घरात दोन पिकअप आहेत, गॅलनला 18 मैल मिळतात आणि पगार तुमच्या निम्मा आहे, तिथे तोच एक डॉलर महिन्याला 120 च्या वर जातो. शेजाऱ्याचं मत समजून घ्यायचं असेल तर हे गणित त्याच्या गाडीने करा.

निवडणुकीचा थेट फटका बसतो तो कर-सवलतींत. जुलै 2025 च्या कायद्याने इलेक्ट्रिक गाडीवरची 7,500 डॉलरची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला आणि घरच्या सोलरवरची 30 टक्क्यांची वर्षअखेर संपली. जुन्या लेखांतले हिशेब म्हणून आता चालणार नाहीत.

खरी काळजी व्याजाची आणि नोकरीची करा. महागाई चढली की फेडरल रिझर्व्ह (तिथली मध्यवर्ती बँक) व्याज चढवते: मार्च 2022 ते जुलै 2023 मध्ये जवळपास शून्यावरून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर. 2021 मध्ये 3 टक्क्यांच्या खाली असलेलं तीस वर्षांचं गृहकर्ज ऑक्टोबर 2023 मध्ये 8 च्या जवळ गेलं. तुम्हाला क्रेडिट हिस्टरीशिवाय गाडीचं कर्ज त्याहून महाग पडेल. व्याज चढल्यावर कंपन्या माणसं कमी करतात, आणि एल-1 वर तुम्हाला दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. म्हणून सहा महिन्यांचा खर्च आणि चौघांची परतीची तिकिटं एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत घर घेऊ नका. पैसे भारतात पाठवाल ते बँक खात्यातूनच पाठवा. 1 जानेवारी 2026 पासूनचा एक टक्का कर रोख रकमेवर किंवा मनीऑर्डरने पाठवण्यावर आहे, खात्यातून पाठवण्यावर नाही.

शेवटची गोष्ट मतदानाची, आणि ती तुम्ही नवरा-बायको दोघांनीही नीट लक्षात ठेवा. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीत, 1993 च्या कायद्यामुळे, मतदार नोंदणीचा प्रश्न त्याच अर्जात किंवा स्क्रीनवर येतो. तिथे ‘नाही’ म्हणा. नागरिक नसताना ‘मी नागरिक आहे’ या चौकोनात खूण झाली तर पुढे ग्रीन कार्ड अडकू शकतं, देश सोडावा लागू शकतो, आणि चुकून झालं हे सांगून भागत नाही. निवडणुकीची देणगीही एल-1 किंवा एल-2 (कुटुंबाचा व्हिसा) वर देता येत नाही, पाच डॉलरचीसुद्धा नाही. ग्रीन कार्डवाल्याला देता येते, मत मात्र त्यालाही नाही. कारकुनाने परत विचारलं तरी सही करण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचा.