लहान कारखान्यात कामगारांकडून उत्पादन कसे वाढवावे?

आपण लिहिले आहे की नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आपले बारा कामगारांचे मशीन शॉप, म्हणजे धातूचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे, माणसे दिवसभर कामावर असतात, तरीही ठरलेला माल वेळेवर निघत नाही. कॅमेरे बसवूनही फरक पडला नाही, म्हणून आता प्रत्येक जॉबमागे इन्सेंटिव्ह सुरू करावा का, असा आपला प्रश्न आहे. मी नाशिकमध्येच सातपूरला बरीच वर्षे याच प्रकारच्या कामात आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की इन्सेंटिव्हचा निर्णय आपण थोडा पुढे ढकलावा. कामगार किती काम करतो हे मोजण्याआधी तो कशासाठी थांबतो हे मोजणे आवश्यक आहे.

त्यासाठी प्रत्येक मशीनजवळ एक साधी वही ठेवावी. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबले की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहावे: माल आला नाही, इन्सर्ट (धातू कापणारे बदलते पाते) संपला, गेज (माप तपासण्याचे साधन) दुसऱ्या मशीनवर आहे, ड्रॉइंगमध्ये शंका आहे, पहिला पीस तपासायला कोणी नाही, वीज गेली. या वहीवरून कोणालाही बोल लावला जाणार नाही हे आधी सर्वांसमोर सांगावे आणि काटेकोरपणे पाळावे, कारण एकदा जरी नोंदीवरून कोणाला सुनावले गेले, तरी त्या दिवसापासून वहीत खरे काही लिहिले जाणार नाही. कॅमेऱ्यात माणूस उभा दिसतो. तो इन्सर्टची वाट पाहत उभा आहे हे दिसत नाही.

लहान शॉपमध्ये सर्वात जास्त वेळ बहुधा सेटिंगमध्ये, म्हणजे एक जॉब संपल्यावर मशीन पुढच्या जॉबसाठी तयार करण्यात जातो. हिशेब करून पाहावा. आठ तासांची पाळी म्हणजे 480 मिनिटे; जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्या वजा केल्या तर 430 उरतात. दिवसातून दोनदा जॉब बदलला आणि प्रत्येक सेटिंगला एक तास लागला, तर प्रत्यक्ष कामाला 310 मिनिटे मिळतात, म्हणजे पाच मिनिटांच्या जॉबचे 62 नग. तीच सेटिंग 35 मिनिटांवर आणली तर 72 नग निघतात, आणि त्यासाठी कोणालाही हात जास्त वेगाने चालवावा लागत नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी यासाठी जी पद्धत मांडली, तिचे सूत्र आपल्याकडेही तंतोतंत लागू पडते: मशीन बंद ठेवूनच करावी लागणारी कामे आणि मशीन चालू असताना करता येणारी कामे वेगळी करावीत. पुढच्या जॉबचे ड्रॉइंग, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा), टूल, गेज आणि कच्चा माल आधीचा लॉट संपण्यापूर्वीच एका ट्रॉलीवर तयार ठेवण्याची जबाबदारी एका हेल्परला नेमून द्यावी.

यानंतरचा मुद्दा आपल्या स्वतःशी संबंधित आहे. सेटिंगनंतर निघालेला पहिला पीस फक्त मालकानेच मंजूर करायचा अशी पद्धत असेल, तर आपण बँकेत किंवा ग्राहकाकडे गेलेले असताना मशीन थांबणारच. अनुभवी ऑपरेटरपैकी एकाला मायक्रोमीटरसह हा अधिकार लेखी द्यावा, आणि त्याने घेतलेल्या निर्णयामागे उभे राहावे.

ओव्हरटाइमबद्दल मात्र फार विचारपूर्वक पावले उचलावीत. कायद्याने त्याचा दर नेहमीच्या मजुरीच्या दुप्पट आहे, आणि अनेक घरांचे खोलीभाडे किंवा मुलांची फी त्याच पैशांवर चालते. दिवसपाळीतच काम संपू लागले की ओव्हरटाइम बंद होतो, म्हणजे सुधारणा कारखान्यात होते आणि पगार कामगाराचा कमी होतो. असे असताना त्याने आपल्या सुधारणेला मनापासून साथ का द्यावी? म्हणून ओव्हरटाइमची जी रक्कम वाचेल, तिचा ठरावीक वाटा मूळ पगारात वाढवून देण्याचे वचन सुरुवातीलाच द्यावे. माझ्या मते या एका गोष्टीवर बाकी सर्व अवलंबून आहे.

खाड्यांचाही असाच शांतपणे विचार करावा. आपल्याकडचे कामगार इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, सिन्नर या भागांतून येत असतील, तर भातलावणी, द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी, कांद्याची काढणी किंवा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा या काळात गैरहजेरी होणारच, आणि ती वर्षभर आधी ठाऊक असते. त्या आठवड्यांत डिलिव्हरीची कमी आश्वासने द्यावीत, रजा आळीपाळीने आधीच ठरवाव्यात आणि प्रत्येक मशीन चालवू शकणारी किमान दोन माणसे तयार करावीत.

एवढे झाल्यावर इन्सेंटिव्ह जरूर सुरू करावा, पण प्रत्येक कामगाराच्या वेगवेगळ्या नगांवर नको. तसे केल्यास सोपे जॉब मिळवण्यासाठी चढाओढ लागते, रिजेक्शन वाढते आणि जुना कामगार नव्याला शिकवण्यात वेळ घालवत नाही. संपूर्ण शॉपचा मिळून, आणि तपासणीत पास झालेल्या नगांवरच तो द्यावा. त्याचा हिशेब फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहावा आणि रक्कम दर महिन्याच्या पगाराबरोबरच चुकती करावी. ती दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळू नये, कारण मग कोणत्या महिन्याच्या कामाचे किती पैसे मिळाले हे कामगाराला कळत नाही.