किंमत सांगा आणि गप्प बसा

प्रश्न : ताई, मी वाईची, वय 41, एका शाळेत क्लार्क आहे. सात-आठ वर्षं झाली वॉटरकलर करतेय, बहुतेक घाट, देवळं, मेणवलीचा वाडा असंच. कपाटाच्या वरच्या कप्प्यात साठएक चित्रं पडून आहेत. मैत्रिणी बघतात, भारी आहे गं, मला एक दे ना म्हणतात आणि मी देऊन टाकते. मागच्या महिन्यात घरी आलेल्या पाहुण्यांनी केवढ्याला देणार असं सरळ विचारलं तर मला घामच फुटला, म्हटलं असंच न्या हो. नेलं त्यांनी. मी काही मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टची नाही, कोणाकडे शिकलेही नाही. पैसे मागितले तर लोक म्हणतील हिला असं काय येतं. कॉन्फिडन्स कसा आणायचा?

उत्तर : घाम फुटला वाचून माझा पहिला ग्रुप शो आठवला. पाच जणींनी मिळून हॉलचं भाडं काढलेलं. एक काका माझ्या छोट्या चित्रापुढे बराच वेळ उभे, मग विचारलं केवढ्याला, आणि मी एका दमात म्हणाले, "बाराशे, म्हणजे हजार द्या, नाहीतर आठशे चालतील." काकांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं हो! भाव मीच करत होते, माझ्याशीच. ते "बरं बरं" म्हणून पुढच्या भिंतीकडे गेले. चित्र वाईट नव्हतं, दोन वर्षांनी तेच गेलं, जास्त किमतीला गेलं, पण त्या दिवशी बनवणारीलाच ते आठशेचं वाटतंय म्हटल्यावर त्यांनी का घ्यावं?

म्हणून कॉन्फिडन्सचं नंतर बघू, आधी किंमत. तोंडावर विचारल्यावर सुचेल ती किंमत नको, घरी वहीत लिहून ठेवलेली हवी. बरेच जण स्क्वेअर इंचावर धरतात, तुम्हीही तेच करा. समजा 11 बाय 15 चं चित्र आहे, म्हणजे 165 स्क्वेअर इंच. सुरुवातीला 15 रुपये रेट धरला तर 2475 झाले, माउंट-फ्रेमचे तुमच्याकडे 900 लागत असतील तर 3375, म्हणून 3400 लिहा. रेट 15 च का, तर तसं काही नाही, 12 धरा, 20 धरा, पण एकदा धरला की सगळ्यांना तोच. याचा फायदा काय होतो माहितीय का, किंमत तुमच्या लायकीची राहत नाही, मापाची होते. "हिला असं काय येतं" हा प्रश्नच येत नाही, आकार मोठा तर किंमत मोठी, बस. आणि हो, गॅलरी किंवा कॅफेवाला 30-40 टक्के कमिशन घेईल, तेव्हा रेट धरतानाच ते कापून हातात काय उरतं ते बघा. गॅलरीत एक किंमत आणि घरी आलेल्याला कमी, असं मात्र करू नका, लोकांना कळतं आणि गॅलरीवाला पुन्हा दारात उभं करत नाही.

मग आरशासमोर म्हणा, "हे तीन हजार चारशेचं आहे." आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड आहे, मला अजून जमतंच असं नाही. समोरचा विचार करत असतो आणि आपल्याला वाटतं महाग वाटलं वाटतं. त्याला करू दे विचार. बहुतेकदा तो मनात हॉलची भिंत मोजत असतो.

मैत्रिणींचं म्हणाल तर "मला एक दे ना" ला माझं ठरलेलं उत्तर आहे, "हे इतक्याचं आहे, हवं असेल तर बाजूला ठेवते." निम्म्या हसून विषय बदलतात, एखादी खरंच घेते. सख्ख्या बहिणीला लग्नाच्या वाढदिवसाला द्या की, तो आहेर झाला, पण मागे किंमत लिहूनच द्या.

जेजेचं आता. जेजे 1857 पासून आहे आणि तिथे शिकलेल्यांबद्दल मला आदरच आहे, पण चित्र घेणारा सर्टिफिकेट मागत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या आत लावायचं तर तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि त्याच इमारतीबाहेर फुटपाथवर लोक कित्येक वर्षं चित्रं मांडून बसतात, विकतातही. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 ची, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्रं पाठवता येतात, पाठवा. परत येतील कदाचित, माझी आली होती, मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले.

पण तुम्हाला मुंबईची घाई कशाला, तुम्ही वाईला राहता बाई! अख्ख्या महाराष्ट्रातले लँडस्केपवाले बोर्ड घेऊन तुमच्या घाटावर येऊन बसतात. पसरणी घाट चढला की पाचगणी, तिथे येणाऱ्या टुरिस्टला घरी न्यायला स्ट्रॉबेरी जॅम सोडून अजून काहीतरी हवंच असतं. ओळखीच्या एखाद्या होमस्टेत किंवा कॅफेत सहा चित्रं लावून बघा, साठ नाही, सहा. बॅगेत मावतील अशी छोटीही ठेवा. आणि मागे चार ओळी लिहा, म्हणजे मेणवलीच्या घाटावरच्या त्या पोर्तुगीज घंटेचं चित्र असेल तर चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्यानंतर ती इकडे आली एवढं लिहिलं तरी घेणारा घरी गेल्यावर पाहुण्यांना तेच सांगत बसतो. पाठीमागची ही चार ओळींची चिठ्ठी वाचून चित्र घेतलेले लोक मी पाहिलेत. शेजारी किमतीचं कार्ड हवंच, म्हणजे कोणाला विचारायला नको आणि तुम्हाला सांगायला नको. गेलं की कोपऱ्यात लाल ठिपका लावायची पद्धत आहे, आम्ही तेव्हा टिकल्यांचं पाकीट आणलं होतं, मरून रंगाचं मिळालं, तेच लावलं.

प्रश्न : मॅम, मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. इन्स्टावर माझ्या पेंटिंग्सना लाइक भरपूर येतात पण विकत कोणीच घेत नाही. म्हणजे काम चांगलं नाही का?

उत्तर : अरे, तुझ्या पोस्टखाली किंमत आहे का? "किमतीसाठी मेसेज करा" लिहिलं असशील तर दहातले नऊ जण तिथूनच परत जातात, दुकानात पाटी नसली की आपणही आत शिरत नाही तसंच. साइज, कागद की कॅनव्हास, किंमत, कुरिअर धरून की वेगळं, सगळं तिथेच लिही. फोटो फ्लॅश मारून काढू नकोस, काच लावायच्या आधी खिडकीशी सकाळच्या उजेडात काढ, आणि एका फोटोत हातात धरून दाखव, नाहीतर पोस्टकार्डाएवढं आहे की दरवाजाएवढं हेच कळत नाही. पिंटरेस्टवरून उतरवलेलं असेल तर मात्र ते विकू नकोस, प्रॅक्टिस म्हणून टाक.

आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये एक टेबल घे. लाइक देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, टेबलापुढे थांबलेल्याचा दिसतो, कुठल्या चित्रापाशी थांबला तेही दिसतं. क्यूआर कोड प्रिंट करून लॅमिनेट करून घे, माझा पहिल्याच दिवशी चहात भिजला होता.