खोकताना किती दुखतंय, ते सांगा

प्रश्न : वडिलांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग दुर्बिणीतून काढायचा ठरलाय. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे. भूलतज्ज्ञ म्हणतात, दुखू नये म्हणून एपिड्युरल नको, पाठीत ‘ब्लॉक’ (नस बधिर करणारं इंजेक्शन) देऊ. हा दुय्यम उपाय तर नाही ना?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या वडिलांसाठी मीही हेच सुचवलं असतं.

छाती मोठा छेद घेऊन उघडायची असेल तर मी आजही आधी एपिड्युरलचाच विचार करते. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध देता येतं, आराम छान पडतो. पण रक्तदाब उतरतो, लघवी अडते. रक्त पातळ असताना आत रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब आला, तर पाय लुळे पडू शकतात. हे क्वचित होतं, तरी धोका पत्करावा असा नाही. त्यासाठी क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते. स्टेंट असताना ती गोळी परस्पर बंद करू नका, हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा.

तुमच्या डॉक्टरांच्या मनात कोणता ब्लॉक आहे, हे मात्र विचारून घ्या. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकमध्ये नस मणक्यातून बाहेर पडते तिथे, फक्त ऑपरेशनच्या बाजूला औषध देतात. आराम जवळजवळ एपिड्युरलइतकाच, रक्तदाबाचा त्रास कमी. जागा फुप्फुसाच्या आवरणाला लागून असते, म्हणून सोनोग्राफीत सुईचं टोक सतत दिसावं लागतं. औषध योग्य जागी पडलं की ते आवरण पडद्यावर खाली दबताना दिसतं. खोल ब्लॉक असल्याने रक्त पातळ असताना इथेही जपावं लागतं. इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ पासूनचा. त्यात औषध पाठीच्या स्नायूखाली, हाडावर पडतं. फुप्फुस आणि मज्जारज्जू दोन्ही लांब. क्लोपिडोग्रेल थांबवता आली नाही तर माझा कल याकडे. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, म्हणून सोबत पॅरासिटामॉल वगैरे ठरल्या वेळी चालूच ठेवतात.

ऑपरेशननंतर वडील शांत पडून असतील तेव्हा ‘दुखतंय का’ विचारून भागत नाही. दुखण्याच्या भीतीने माणूस खोकत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. त्यांना उठवून बसवा, खोल श्वास घ्यायला, खोकायला लावा, आणि तेव्हा किती दुखलं ते नर्सला सांगा. त्याच बाजूचा खांदा दुखला तर तेही वेगळं सांगा. ते दुखणं बहुधा दुसऱ्या नसेतून येतं, ब्लॉक चांगला लागला तरी राहतं, आणि त्यावर निराळं औषध द्यावं लागतं.