तांबडी टोपी, केशरी टोपी

“मॅडम, माझ्या हातनं कुणाचं बरंवाईट झालं तर?”

नर्सिंगच्या मुली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतात तेव्हा हा प्रश्न येतोच. कुणी थेट विचारते, कुणी ‘फार्मा (औषधशास्त्र) डोक्यात जात नाही’ म्हणत आडून येते. ही मुलगी राधानगरी तालुक्यातली, दुसऱ्या वर्षाची. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

झालं होतं ते असं. एका पेशंटला १६ युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. तिनं हाताला सवयीची, तांबड्या टोपीची सिरिंज घेतली आणि १६च्या रेघेपर्यंत भरली. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टरांनी मनगट धरलं. कुपी होती १०० युनिट प्रति मिलीची, तांबडी सिरिंज असते ४०च्या कुपीसाठी. तिच्यावरची १६ची रेघ म्हणजे ०.४ मिली. १०० वाल्या कुपीतून तेवढं गेलं असतं तर १६ ऐवजी ४० युनिट, म्हणजे अडीचपट. साखर झपकन उतरली असती.

पेशंटला काही झालं नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, “माझं लक्ष नसतं तर?” हे वाक्य तिनं हॉस्टेलवर नेलं. तेव्हापासून झोप नाही. प्रत्येक लेबल आठ-दहा वेळा वाचायची, तरी ट्रेपाशी परत जायची. “मी वाचलो का न्हाई तेच आठवत नाही,” ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली ‘वाचलो’च म्हणतात, हसू नका.)

मला तिच्या चुकीपेक्षा ह्या वाक्याची काळजी वाटली. तपासणं वाढवत गेलं की खात्री वाढत नाही, उलट आपल्याच आठवणीवरचा भरवसा उडतो. कुलूप ओढून पाहणाऱ्या माणसाला विचारा. तिचं भय खरं होतं, पण ते सगळ्या वॉर्डभर पसरलं होतं. त्याला बसायला ठरावीक जागा हवी होती.

जागा तिच्या पुस्तकातच होती: औषध कपाटातून काढताना, भरताना आणि पेशंटला देण्याआधी, असं तीनदा लेबल वाचायचं. आम्ही त्यात दोनच गोष्टी घातल्या. वाचायचं ते ओठ हलवून, नाव आणि प्रति मिली किती हे दोन्ही. आणि चौथ्यांदा वाचायचं नाही. इन्सुलिनसारखं औषध असेल तर चौथी नजर दुसऱ्या सिस्टरची. पहिल्या आठवड्यात चौथ्या वेळेला तिचे हात थरथरायचे. मी म्हटलं, थरथरू देत. दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नसती तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार होते. तशी वेळ आली नाही.

अभ्यासाचं त्यामानानं सोपं निघालं. ती औषधांची नावं एबीसीडीच्या क्रमानं पाठ करायची! मी म्हटलं, मला फार्मा येत नाही, तू शिकव. शिकवताना तिलाच दिसलं की अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही शेपटी सारखी असलेली एकाच घरची पोरं: नाडी मंदावतात, म्हणून देण्याआधी नाडी बघायची. एनालाप्रिल, रॅमिप्रिल दुसऱ्या घरची: बीपी बघा आणि कोरडा खोकला येतो का विचारा. आडनावावरनं भावकी ओळखायला गावाकडच्या पोरीला कोण शिकवणार?

चौथ्या भेटीला ती आली तीच बोलत. लहान मुलांच्या वॉर्डात पॅरासिटामॉल सिरप ‘५ मिली’ एवढंच लिहिलेलं. कपाटात दोन बाटल्या, एकीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. तिनं डॉक्टरांना विचारलं, कुठली?

“चिडले काय?”

“लय. पण वजन बघून मिलिग्रॅममध्ये लिहून दिले.” मग जाता जाता म्हणाली, “तुमच्या आई इन्सुलिन घेतात म्हणालासा न्हवं? त्यांच्या सिरिंज बघा एकदा.”

रात्री घरी आईचा डबा उघडला. कुपी ४०चीच. तांबड्या टोप्यांच्या ढिगात दोन केशरी निघाल्या, १०० वाल्या. गेल्या महिन्यात घाईघाईत मीच आणलेल्या.