देवांना खाती वाटण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या टेबलावरच्या भूमिका-खेळातल्या तुझ्या नव्या जगासाठी तू पाठवलेला बारा देवांचा तक्ता मी दोनदा वाचला. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात खाते, तिसऱ्यात चिन्ह आणि चौथ्यात त्या देवाच्या क्लेरिकला, म्हणजे पुजारी-पात्राला, मिळणारी शक्ती, अशी त्याची मांडणी नीटनेटकी आहे, आणि केल्टिक परंपरेवर आधारलेले दैवतमंडळ रचण्यासाठी तू पुष्कळ वाचले आहेस, हेही त्यातून दिसते. तरीही तुझ्या युद्धदेवीचे, समुद्रदेवाचे आणि विद्यादेवीचे नाव खोडून तिथे ग्रीक नावे लिहिली, तर तक्त्यात काहीच बिघडत नाही. मला खटकले ते हेच, आणि हे पत्र त्याविषयीच आहे.

खात्यांची सवय आपल्याला खेळाच्या नियमांनी लावली. क्लेरिकने देव निवडला की त्या देवाच्या क्षेत्राप्रमाणे त्याला मंत्र मिळतात, म्हणून प्रत्येक देवाला एकेक क्षेत्र नेमून द्यावेसे वाटते. पण केल्टिक देवांची खातेवाटणी या खेळांहून फार जुनी आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन सेनापती ज्युलियस सीझरने गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मोहिमेचा वृत्तांत लिहिला, त्यात तो सांगतो की गॉलचे लोक सर्वांत जास्त मर्क्युरीला भजतात आणि त्यानंतर अपोलो, मार्स, जुपिटर व मिनर्व्हा यांना. अपोलो रोग घालवतो, मिनर्व्हा कलाकौशल्य शिकवते, जुपिटरकडे आकाश आणि मार्सकडे युद्ध. या यादीत एकाही देवाचे तिथले नाव नाही. देश जिंकायला आलेल्या सेनापतीने आपल्या वाचकांना समजावे म्हणून परक्या देवांवर आपल्या घरची नावे चिकटवली. तुझ्या तक्त्यात मला त्याच सेनापतीची नजर दिसली, आणि ती तुझी नव्हे याची मला खात्री आहे.

मग त्या लोकांची स्वतःची नजर शोधायची कुठे? इथे एक अडचण आहे, आणि तीच तुझ्या कामाची सर्वांत मोठी संधी आहे. गॉलमध्ये मूर्ती आणि शिलालेख सापडतात, पण कथा सापडत नाहीत. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चखाली 1711 साली एका स्तंभाचे दगड निघाले. रोमन सम्राट टायबीरियसच्या काळात सीन नदीवरच्या नाविकांनी तो उभारला होता. त्यावर शिंगे असलेल्या एका देवाचे शिल्प आहे, शिंगांत कडी अडकवलेली आहेत आणि वर ‘कर्नुनॉस’ असे नाव कोरले आहे. आज प्रत्येक दुसऱ्या काल्पनिक जगात ‘अरण्याचा स्वामी’ म्हणून वावरणाऱ्या या देवाची एकही कथा उरलेली नाही. डेन्मार्कमधल्या गंडस्ट्रप येथे 1891 साली दलदलीत सापडलेल्या चांदीच्या कढईवरही शिंगे धारण केलेली एक आकृती मांडी घालून बसली आहे. तिला पाहून मोहेंजोदडोची प्रसिद्ध मुद्रा आठवते, पण दोहोंत सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे आणि त्यांना जोडणारा पुरावा नाही, म्हणून तो मोह आवर. आयर्लंडमध्ये परिस्थिती नेमकी उलटी आहे. तिथे कथा भरपूर आहेत, परंतु त्या ख्रिस्ती मठांत, जुना धर्म ओसरल्यावर लिहिल्या गेल्या. त्या देवांची पूजा कशी होत असे, हे त्यांतून फारसे कळत नाही.

सीझरच म्हणतो की ड्रुइड, म्हणजे केल्टिक पुरोहित, आपली शिकवण लिहून ठेवत नसत आणि काही शिष्य ती मुखोद्गत करण्यात वीस वर्षे घालवत. तुझ्या जगातही धर्मग्रंथ ठेवू नकोस. एका म्हाताऱ्या ड्रुइडच्या मृत्यूबरोबर एखाद्या देवाचा अर्धा विधी कायमचा नाहीसा झाला, असे घडू दे. तो उरलेला अर्धा विधी करायला निघालेल्या पात्रांना मग तुला वेगळे कथानक द्यावे लागणार नाही.

आता जागेविषयी. गॉल आणि ब्रिटनमधल्या शिलालेखांत देवतांची शेकडो नावे आहेत आणि त्यांतील बहुतेक एकदाच, एखाद्याच ठिकाणी आढळतात. देव सगळीकडचा नसून या झऱ्याचा, या वळणाचा, या राईचा असतो. इंग्लंडमधल्या बाथ येथील उष्ण झऱ्याची देवी सुलिस. रोमनांनी तिला मिनर्व्हाशी जोडले, पण झरा तिचाच राहिला. लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर तक्रार कोरून तो पत्रा तिच्या पाण्यात टाकत, आणि असे शंभरावर पत्रे तिथे सापडले आहेत. हातमोज्यांची जोडी चोरीला गेलेला एक माणूस तिला विनवतो की चोराची बुद्धी आणि डोळे त्याने तिच्याच मंदिरात गमवावेत. आता सुलिसला तू कोणते खाते देशील? ती आरोग्यदेवी आहे, न्यायदेवता आहे, की जलदेवता? ती त्या झऱ्याची मालकीण आहे, आणि तिच्या दाराशी येणाऱ्याचे जे काही असेल ते ती ऐकते. पाणवठ्यावरच्या साती आसरांना ओटी ठेवणारी माणसे आपण पाहिली आहेत, त्यामुळे हे समजायला आपल्याला फार प्रयास पडू नयेत. मात्र आसरांची साडी बदलून त्यांना आयर्लंडला पाठवू नकोस. त्यांच्याकडून फक्त पाण्याजवळ जाताना आवाज खाली येण्याची ती जाणीव घे.

जागेनंतर नाती, आणि नात्यांबरोबर येणारी देणी. यासाठी मॉयतुराच्या दुसऱ्या लढाईची आयरिश कथा तू सावकाश वाचावीस. देवकुळाचा राजा नुअदा याचा हात लढाईत तुटतो, आणि व्यंग असलेल्या माणसाने राज्य करायचे नाही म्हणून गादी ब्रेसकडे जाते. ब्रेसचा बाप शत्रूंच्या, फोमोरींच्या, कुळातला. ब्रेस देखणा आहे, पण कृपण आहे. त्याच्याकडे गेलेल्यांच्या सुऱ्यांना चरबी लागत नाही आणि त्यांच्या श्वासाला मद्याचा वास येत नाही. एका कवीला तो अंधाऱ्या, लहानशा झोपडीत उतरवतो आणि तीन कोरड्या भाकऱ्या देतो. सकाळी तो कवी आयर्लंडमधले पहिले निंदाकाव्य म्हणतो आणि तिथून ब्रेसची उतरती कळा सुरू होते. पाहुणचारात केलेली कसूर राजाला पदच्युत करते आणि कवीचा शब्द शस्त्रासारखा लागतो. तुझ्या तक्त्यात ‘काव्यदेव’ आहे, पण कवीला कोरडी भाकरी दिल्यास तुझ्या जगात काय घडते, याचे उत्तर नाही.

त्याच कथेत वैद्य डियन केख्त नुअदाला खऱ्या हातासारखा हलणारा चांदीचा हात बसवतो. त्याचा मुलगा मीअख त्याहून पुढे जाऊन तुटलेला मूळ हात सांध्याला सांधा आणि स्नायूला स्नायू लावत नऊ दिवस-रात्रींत जोडतो. बापाला ते सहन होत नाही आणि तो मुलाच्या डोक्यावर तलवारीचे घाव घालतो. तीन घाव मीअख स्वतः बरे करतो, चौथ्याने मरतो. त्याच्या थडग्यावर त्याच्या सांध्यांइतक्या आणि स्नायूंइतक्या, म्हणजे 365, वनस्पती उगवतात. त्याची बहीण एअर्मिद आपला झगा पसरून त्या गुणाप्रमाणे वेगळ्या लावत असते, इतक्यात बाप येऊन सगळ्या एकत्र कालवून टाकतो. म्हणून, कथा सांगते, पवित्र आत्म्याने शिकवल्यावाचून त्यांचे खरे गुण कुणालाही कळत नाहीत. शेवटच्या वाक्यातला तो पवित्र आत्मा ख्रिस्ती लेखनिकाचा आहे, पण बाकीचे वाचून मी प्रत्येक वेळी थोडा वेळ थांबते. एका घरात तीन वैद्य आहेत आणि तिघांना मिळून एकच खाते आहे. त्या खात्याचे नाव लिहून या कथेतले काहीही हाती लागत नाही. तुझ्या जगातल्या कुठल्याही वैदूने वनस्पती उकळताना या घरातले भांडण आठवले पाहिजे, आणि एअर्मिदच्या भक्ताने डियन केख्तच्या भक्ताच्या हातचे औषध घ्यावे की नाही, हा प्रश्न खेळाडूंना पडला पाहिजे.

हे मी स्वतः चुकून शिकले. माझ्या पहिल्या मोहिमेत मॉरीगन ही ‘युद्धदेवी’ होती आणि तिच्या भक्तांना हल्ल्याच्या फाशावर दोन गुण जास्त मिळत. तीन बैठकींनंतर खेळाडूंना ते दोन गुण तेवढे आठवत होते. मग मी मॉयतुराच्या त्याच मूळ कथेकडे परत गेले. तिथे ती नदीच्या दोन काठांवर दोन पाय ठेवून, नऊ बटा मोकळ्या सोडून धूत उभी असलेली दिसते. तिथेच देवकुळातल्या दाग्दा या थोर देवाशी तिचा समागम होतो आणि ती शत्रुराजाच्या हृदयाचे रक्त आणायचे वचन देते. लढाई संपल्यावर शांततेची घोषणा करणारीही तीच, आणि जगाच्या अंताचे भाकीत सांगणारीही तीच. पुढच्या बैठकीत मी ते दोन गुण काढून टाकले. पात्रे नदी ओलांडायला आली तेव्हा उतारावर एक बाई रक्ताळलेला अंगरखा धूत होती, आणि एका खेळाडूने स्वतःहून विचारले की त्यावरची नक्षी कशी आहे. ती त्याच्याच अंगरख्याची होती. टेबलाभोवती कुणी बोलेना.

शक्तीच्या रकान्याऐवजी तू ‘गेश’ हा प्रकार वापर. गेश म्हणजे एखाद्या व्यक्तीवर जन्मापासून किंवा पुढे पडलेले बंधन. आयरिश कथांतला वीर कूखुलिन याच्या नावाचा अर्थ ‘कुलनचा कुत्रा’, म्हणून कुत्र्याचे मांस त्याला वर्ज्य होते. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्र्याचे मांस भाजत बसलेल्या असतात. गरिबांचे अन्न नाकारतोस काय, असे त्या त्याला हिणवतात आणि तो ते हातात घेतो. त्या हातातले बळ निघून जाते. देव वर देत असेल तर त्याबरोबर असे एकेक बंधन दे, आणि दोन बंधने एकमेकांना छेदतील अशी वेळ कधीतरी येईल याची काळजी घे.

कालगणनाही याच मातीतून घे. फ्रान्समधल्या कोलिन्यी येथे 1897 साली काशाच्या पंचांगाचे तुकडे सापडले. त्यात पाच वर्षांचे 62 महिने आहेत, कारण चांद्र महिने सूर्याशी जुळवण्यासाठी दोन जादा महिने घातले आहेत. अधिकमासाची सवय असलेल्या आपल्याला ते लगेच ओळखीचे वाटते. तुझ्या जगातल्या त्या जादा महिन्याचा मालक कोणता देव, हे मला वाचायला आवडेल. मात्र कुमारी, माता आणि वृद्धा ही त्रिदेवी आणि झाडांवरून राशी सांगणारे पंचांग या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकातल्या आहेत. त्या वापरायला हरकत नाही, पण प्राचीन म्हणून वापरू नकोस.

नावांसाठी मूळ देवांची नावे उचलू नयेस, असे माझे मत आहे. त्याऐवजी ती कशी घडली ते पाहा. अश्वदेवी एपोना हिचे नाव गॉलिश भाषेतल्या घोड्याच्या शब्दावरून आले आहे, आणि तो शब्द आपल्या ‘अश्व’चाच दूरचा भाऊबंद आहे; सीझरशी लढलेला गॉलचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स याच्या नावातला ‘रिक्स’ आणि आपला ‘राजन्’ हेही एकाच घरचे. देवाचे नाव त्याच्या वस्तूवरून किंवा जागेवरून पाडलेस, तर ते तुझ्या जगातल्या शेतकऱ्याच्या तोंडीही सहज बसेल.

तेव्हा सध्या बारा देव बाजूला ठेव. एक नदी काढ, तिच्यावर उगम, उतार आणि मुख अशी तीन ठिकाणे दाखव, आणि त्या नदीच्या देवीचे कुणाकडे काय येणे आहे ते दोन पानांत लिही. तिचा बाप कोण, तिने कुणाला फसवले, आणि तिच्या पाण्यात लोक काय टाकतात, हेही त्यात येऊ दे. शनिवारपर्यंत पाठवलेस, तर रविवारच्या बैठकीत आपल्या खेळाडूंना मी त्या उतारावरून नेईन.

तुझी हितचिंतक