तळ्याच्या बांधाची नोटीस आणि ड्रॉवरमधले आठ महिने

सांडव्याला, म्हणजे तळ्यातलं जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेला, लावलेली जाळी आणि त्यावर रचलेल्या वाळूच्या गोण्या आधी काढून या, मग पुढचं वाचा. खरंच सांगते, कायद्याचं नंतर बघू.

प्रश्न असा आहे. या वाचकांनी सहा वर्षांपूर्वी ओढ्यावरचा जुना मातीचा बांध आणि त्यामागचं तळं जमिनीसकट विकत घेतलं. बोटिंग चालतं, लोक गळ टाकून बसतात. बांधाच्या खाली शेजाऱ्याचं घर आणि गोठा आहे. आठ महिन्यांपूर्वी शेजाऱ्याने वकिलामार्फत नोटीस पाठवली की पायथ्याशी पाणी पाझरतंय, दुरुस्ती करा. यांनी उत्तरच दिलं नाही, कारण खरेदीखतात लिहिलंय की बांधाच्या मूळ दोषांची जबाबदारी दहा वर्षं विक्रेत्याची. आता पावसाळा तोंडावर आहे, शेजारी दावा लावतो म्हणतोय, आणि यांचे मुख्य प्रश्न दोन, जबाबदारी विक्रेत्यावर टाकता येईल ना, आणि अतिवृष्टीत बांध गेलाच तर ती दैवी आपत्ती, त्यात आमचा काय दोष? मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी आणि बोटींना पाणी पुरावं म्हणून फूटभर गोण्या, हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज जाता जाता लिहिलंय. मला तिथेच धडकी भरली.

दरवर्षी पावसाच्या आधी असे प्रश्न येतात आणि प्रत्येकाला खरेदीखतातल्या त्या एका ओळीचा फार आधार वाटतो. ती ओळ तुमच्या आणि विक्रेत्याच्या मधली आहे हो, शेजाऱ्याने त्यावर सही केलेली नाही. त्याच्या घरात पाणी शिरलं तर तो पाणी ज्याने अडवून ठेवलंय त्याच्याकडे येणार, म्हणजे तुमच्याकडे. तुम्ही नंतर विक्रेत्याकडून वसूल करा नाहीतर करू नका, तो तुमचा प्रश्न.

आता तुमच्या बाजूने जे बोलता येतं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही काय घालवलंत ते कळेल. 1868 साली इंग्लंडमध्ये रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात ठरलं की जमिनीवर पाणी साठवलं आणि ते निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर मालक जबाबदार, त्याची स्वतःची चूक असो वा नसो. तिथे गिरणीमालकाने कंत्राटदाराकडून तळं बांधून घेतलं होतं, खाली जुन्या खाणीच्या विहिरी निघाल्या आणि त्यातून पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं. आपल्याकडची कोर्टंही हे तत्त्व विचारात घेतात. पण 1876 चा निकोल्स विरुद्ध मार्सलँड हा खटला जवळजवळ तुमचाच आहे. ओढा अडवून केलेली शोभेची तळी, न भूतो असा पाऊस, बांध गेले, खालचे पूल वाहून गेले, आणि तरीही मालकीण सुटली, कारण बांधणीत आणि देखभालीत तिची कसलीही हयगय नव्हती असं ज्युरीने मान्य केलं. दैवी आपत्तीचा बचाव उभा राहतो तो या एका अटीवर. पाऊस किती पडला ते नंतर येतं, आधी विचारतात तुम्हाला काय माहीत होतं आणि तुम्ही काय केलंत.

तुम्हाला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं, लेखी, पोचपावतीसकट.

नोटिशीसोबतचा तिसरा फोटो तुम्ही नीट बघितलाय का? पायथ्याच्या पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात धरलंय आणि तळाशी बोटभर लाल माती बसलीये. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरणं नेहमीचंच असतं, ते स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. पण गढूळ येत असेल तर पाण्याबरोबर बांधाची माती बाहेर पडतेय, आतून पोकळी होतेय, इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात आणि यात बांध बाहेरून धडधाकट दिसता दिसता बसतो. त्या शेजाऱ्याने तुम्हाला पुरावा नाही, इशारा पाठवला होता. तुम्ही त्याचा पुरावा करून ठेवलात. म्हणून तुमच्या सगळ्या प्रकरणात माझ्या मते एकच तारीख महत्त्वाची, नोटीस हातात पडली ती. त्याआधी काही झालं असतं तर तुमची बाजू लढण्यासारखी होती, त्यानंतर रोज ती ढासळत गेलीये.

जाळीबद्दल. अमेरिकेत 1879 साली श्रीमंत लोकांच्या एका मासेमारी क्लबने जुना मातीचा बांध विकत घेतला, तळ्याकाठी घरं बांधली, सांडव्यावर मासे अडवायच्या जाळ्या लावल्या, गाडी जावी म्हणून बांधाचा माथा थोडा उतरवला, आणि तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने भंगारात काढले होते ते परत बसवलेच नाहीत. 31 मे 1889 ला मोठ्या पावसात पाणी वाढलं, जाळ्यांत कचरा अडकून सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून गेलं आणि बांध गेला. खाली जॉन्सटाउन शहर होतं, 2,200 च्या वर माणसं मेली. कोर्टात त्या क्लबला कुणी जबाबदार धरू शकलं नाही, आणि त्या संतापाचा एक परिणाम असा की पुढे अमेरिकेतल्या कोर्टांनी हे रायलँड्सचं तत्त्व जास्त मोकळेपणाने स्वीकारलं. तुमचं तळं त्या मानाने अगदी लहान आहे हे मला माहितीये, पण मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की माती कापत जाते, आणि खाली राहणारं घर एकच असलं म्हणून काय झालं. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, निष्काळजीपणाने मृत्यू, 5 वर्षांपर्यंत कैद. आणि तिथे खरेदीखत दाखवून सुटता येत नाही.

कुणीतरी तुम्हाला कार्वेटनगरच्या जमीनदाराचा 1874 चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळात आपल्याकडची शेवटची अपिलं तिथे जायची) निकाल सांगेल, त्याचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं तरी तो सुटला म्हणून. तो सुटला कारण ते सिंचनाचे पूर्वापार तलाव होते, ते राखणं हे त्याचं लोकांप्रतीचं कर्तव्यच मानलं गेलं, आणि हयगयही सिद्ध झाली नव्हती. तुमचं तळं बोटींसाठी आहे. तो निकाल तुमच्या कामाचा नाही.

धरण सुरक्षा कायदा 2021 लागू होतो का असंही विचारलंय. तुम्ही उंची 9 मीटर लिहिलीये, ती कुठून मोजली ते लिहिलेलं नाही, कायद्यात पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत मोजतात. 15 मीटरच्या वर किंवा 10 ते 15 मध्ये असून लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी बसली तरच तो लागतो, त्यामुळे बहुधा तुम्ही बाहेर आहात. पण बाहेर असणं म्हणजे मोकळं असणं नाही, वर सांगितलेलं सगळं तसंच राहतं. राज्याचे नियम, ओढ्याच्या पाण्याची परवानगी, बोटिंगचा परवाना हे कागद बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

विक्रेत्याकडे वळू. खरेदीखतातल्या त्या कलमाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही पाठवलाय पण बहुतेक वाचला नाहीत, दोष कळल्यापासून 30 दिवसांत विक्रेत्याला लेखी कळवणं आवश्यक आहे. नोटीस आली तेव्हा दोष कळला, तीस दिवस कधीच गेले. करार कायद्याच्या कलम 28 प्रमाणे ठराविक मुदत गेली की हक्कच संपतो असं लिहिणारी अट त्या मर्यादेत रद्द ठरते, तेव्हा वाद घालायला जागा आहे. पण विक्रेता म्हणेल ही मुदतीची अट नव्हतीच, जबाबदारी सुरू व्हायचीच ही पूर्वअट होती, आणि तेही चूक म्हणता येणार नाही. हा दावा किती वर्षं चालेल विचारू नका, साध्या दाव्यातही तारखांवर तारखा पडतात आणि तोवर तळ्यावरून कितीतरी पावसाळे जातात. म्हणून विक्रेत्याला पत्र आजच पाठवा, पण बांधाचं काम त्याच्या उत्तरासाठी थांबवू नका. खर्चाच्या पावत्या आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा, विक्रेत्याकडून पैसे मागायचे झाले तर त्यावरच मागता येतील.

आणि पाणी उतरवा, पण एकदम नाही. तळं भराभर रिकामं केलं तर बांधाचा पाण्याकडचा ओला उतार घसरतो, म्हणून मातीच्या बांधांचं काम केलेला इंजिनिअर बोलवा, रोज किती उतरवायचं ते त्याच्याकडून लेखी घ्या आणि त्याचा रिपोर्टही लेखीच घ्या, तोंडी "काही होत नाही" हे कोर्टात शून्य आहे. शेजाऱ्याच्या वकिलाला पोचपावती मिळेल अशा पोस्टाने उत्तर द्या, नोटीस अमुक तारखेला मिळाली, अमुक दिवशी सांडवा मोकळा केला, पाणी उतरवतोय, तपासणी चालू आहे. दोष कुणाचा यावर त्यात एक अक्षर नको. आणि कुणी मागची तारीख टाकून पत्र करून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा, पोस्टाचा शिक्का खोटं बोलत नाही आणि तुमच्या हातात जे थोडं उरलंय तेही जाईल.

पत्र पोचायला दोन दिवस लागतील, म्हणून आज संध्याकाळी स्वतः शेजाऱ्याकडे जा. चूक कुणाची यावर बोलू नका, पाणी कधीपासून उतरवताय तेवढं सांगा, फोन नंबर घ्या, रात्री पाऊस वाढला तर कोण कुणाला उठवणार ते ठरवा, आणि काम होईपर्यंत गोठ्यातली गुरं रात्री वरच्या अंगाला बांधता येतील का ते विचारा, जागा तुमच्या आवारात द्यावी लागली तरी द्या.